नळीचा कस

कादंबरीकाराला थोडेसे खोटे बोलण्याची मुभा असते, असे आपण धरून चालतो. माझाही तसाच समज होता. माझ्या एका कादंबरीत मी एका खोताच्या घरातली जुनी दुनळी बंदूक फोडली आहे. दसऱ्याला शस्त्रपूजा होते, खोत भिंतीवरची बंदूक काढतो, अंगणात येऊन हवेत बार काढतो, आणि नळी फुटून त्याचा डावा हात जायबंदी होतो. का फुटली? तर मी लिहिले होते, ‘वर्षानुवर्षांच्या गंजाने नळी पोखरून गेली होती.’ हे वाक्य मला फार आवडले होते. खोताच्या घराण्यालाही आतून गंज चढला आहे, हे त्यातून परस्पर सुचवता आले होते ना!

पुस्तक बाहेर पडल्यावर काही महिन्यांनी एक पत्र आले. अक्षर वळणदार, ओळी सरळ. ‘स. न. वि. वि. आपली कादंबरी वाचली. खोत उत्तम उतरला आहे. परंतु बंदूक चुकली आहे. गंजाने नळी कधीच फुटत नाही असे मी म्हणत नाही. पण चाळीस वर्षांच्या कामात ज्या धोक्याच्या नळ्या माझ्या हाताखालून गेल्या, त्यांतल्या बहुतेक गंजाने नव्हे, गंज काढल्याने पातळ झालेल्या होत्या. आपल्या खोताची नळी आतून काळी होती की लखलखीत, हे आपण लिहिलेले नाही. ते लिहावयास हवे होते.’

मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईने खुणा करण्यात माझा जन्म चालला आहे. आपल्याच लेखनावर अशी खूण उठलेली पाहून मी चपापलो. पण मला त्या पत्राने खरा घोर लावला तो वेगळ्याच कारणाने. माझ्या आजोळी, कोकणात, तशीच एक दुनळी बंदूक आहे. पीक-संरक्षणाचा परवाना माझ्या मामेभावाच्या, बाळदादाच्या नावावर आहे. शिकारीचे दिवस १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हाच सरले. पुढे ती बंदूक खंडेनवमीला झेंडूची माळ घालून घेण्यापुरती उरली होती. पण अलीकडे भातात रानडुकरे फार उतरू लागली, आणि निदान हवेत बार काढून ती हुसकावता येतील म्हणून नवी काडतुसे आणण्याचे दादाच्या मनात होते. ‘बंदूक अगदी नव्यासारखी आहे,’ तो मला म्हणाला होता. ‘डावी नळी तर आतून आरशासारखी आहे. उजवी जरा काळवंडलीय, तीही साफ करून घेतो.’

पत्रातले ‘काळी की लखलखीत’ हे शब्द वाचले आणि मला दादाची ती आरशासारखी नळी आठवली. पत्राखाली पत्ता होता. मी दादाला कळवले, काडतुसे तूर्त आणू नकोस, आणि येत्या सुट्टीत परवाना व बंदूक घेऊन माझ्याबरोबर एका गृहस्थांकडे चल.

ते गृहस्थ सत्तरी उलटलेले. मी त्यांना काका म्हणू लागलो आणि ते मला मास्तर. आयुष्यभर त्यांनी यंत्रशाळेत मापाचे काम केले आणि बंदुका दुरुस्त केल्या. जुन्या इंग्रजी बंदुकांवरचे छाप उतरवून घेतलेली त्यांची एक जाड वही आहे. त्या वहीच्या आधाराने त्यांनी जे सांगितले आणि मागाहून मी जे वाचले, त्यातून एक लहानसा इतिहासच माझ्यापुढे उभा राहिला. बंदूक हातात न धरणाऱ्यांनाही तो आवडेल असे वाटते. कारण तो खरे पाहता बंदुकीचा नाही, भरवशाचा आहे. लोखंडाच्या आत काय दडले आहे हे डोळ्यांना दिसत नसताना माणसाने भरवसा कशावर ठेवावा, असा तो प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. युरोपात पहिल्या मोठ्या तोफा केल्या त्या लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या जोडून आणि त्यांवर कडी ठोकून. बंदुकीच्या नळीला इंग्रजीत पिंपाचेच नाव पडले ते त्यामुळेच, असे म्हणतात. अशा तोफा शत्रूइतक्याच आपल्या माणसांनाही धोक्याच्या असत. १४६० साली रॉक्सबर्गच्या वेढ्यात स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स आपल्याच एका तोफेजवळ उभा होता. ती फुटली आणि राजा जागच्या जागी गेला. तोफखान्याची मोठी हौस असलेला राजा; वय अवघे एकोणतीस.

राजाची ही गत, तर बाजारात बंदूक विकत घेणाऱ्या साध्या माणसाने काय करावे? नळी वरून गुळगुळीत असते. आतला सांधा कच्चा आहे की पक्का, हे घडवणाऱ्या लोहारालाही खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा एकच उपाय उरतो. विकण्यापूर्वी नळीत नेहमीपेक्षा बरीच अधिक दारू भरून बार काढायचा. फुटायची असेल तर तिथेच फुटेल, गिऱ्हाइकाच्या हातात नाही. १६३७ साली पहिल्या चार्ल्स राजाने लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या मंडळाला सनद दिली आणि असे बार काढून नळ्या पारखण्याचा अधिकार त्या मंडळाकडे आला. पारखलेल्या नळीवर ते मुकुटाखाली छाप मारीत. एक छाप पाहणीचा, दुसरा बाराचा. आपल्याकडे सराफ सोन्याचा कस पाहतो, तसा हा लोखंडाचा कस. त्या जागेला इंग्रज प्रूफ हाउस म्हणतात. आपण कसोटीघर म्हणू.

पुढे बंदुकांचा खरा बाजार बर्मिंगहॅमला भरला. सेंट मेरीच्या देवळाभोवतालच्या गल्ल्यांतून एक माणूस नुसती नळी करी, दुसरा घोडा, तिसरा दस्ता, चौथा नुसते खिळे. आणि पोरे हे सुटे भाग टोपल्यांतून एका दारातून दुसऱ्या दारात पोहोचवीत. मालाला जगभर मागणी होती. त्यात उत्तम माल होता तसा अगदी टाकाऊ मालही होता, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या खरेदी-विक्रीत मोबदला म्हणून दिल्या जाणाऱ्या स्वस्त बंदुकाही होत्या. अखेर १८१३ साली पार्लमेंटने कायदा करून बर्मिंगहॅमला स्वतंत्र कसोटीघर स्थापले. बॅनबरी स्ट्रीटवर कालव्याच्या काठी ती इमारत आजही उभी आहे, दारावर शस्त्रांचे रंगीत शिल्प आहे, आणि आत आजही बार निघतात.

जुन्या काळी तिथले दृश्य पाहण्यासारखे असे. ओबडधोबड नळ्या ओळीने एका बंद खोलीत लोखंडी चौकटीवर मांडत. सगळ्यांच्या मागच्या छिद्रांजवळून दारूची एकच रेघ ओढत. दार लावून घेत आणि बाहेरून ती रेघ पेटवत. एकदम सारा गडगडाट. गोळ्या समोरच्या वाळूत घुसत. धूर निवळल्यावर माणसे आत जाऊन पाहत. कोणाच्या चिंधड्या झाल्या, कोणाला फुगवटा आला, कोणाला केसासारखी चीर गेली. ज्या धड राहिल्या त्यांच्यावर छाप. हा झाला कच्चा कस. नळ्या तासून, जोडून, बंदुकीच्या रूपाला आल्या की दुसऱ्यांदा पक्का कस. १८६८ च्या कायद्याने या सगळ्याला नीट शिस्त आली.

आता त्या नळ्या घडत कशा, तेही सांगायला हवे. आजोळच्या बंदुकीवर पाण्याच्या लहरींसारखी तपकिरी-काळी नक्षी आहे. लहानपणी आम्हाला ती कोणी रंगवली आहे असे वाटे. ती रंगवलेली नाही. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून त्यांची एक कांब करत. ती तापवून दोरीसारखी पिळत. अशा दोन-तीन पिळलेल्या कांबी शेजारीशेजारी सांधून त्यांची फीत करत, आणि ती फीत एका सळईभोवती, आपण काठीला चिंधी गुंडाळावी तशी, गुंडाळून लालभडक करून ठोकत. कडा एकमेकींत मिसळून जात आणि नळी तयार होई. मग आतून कोरायची, बाहेरून तासायची. तेजाबाच्या हाताने लोखंड आणि पोलाद निरनिराळे रंगत, आणि पिळाची नक्षी वर येई. हिला दमास्कस नळी म्हणतात. दमास्कस शहराशी या नळ्यांचा संबंध नावापुरताच. त्या घडत बर्मिंगहॅमला आणि बेल्जममधल्या लिएजला. पट्ट्या गुंडाळून नळी करण्याची कला हिंदुस्थानातल्या कारागिरांनाही अवगत होती, आणि जुन्या तोड्याच्या बंदुकांवर ती नक्षी दिसते.

या नळ्यांना पुढे फार वाईट नाव मिळाले. अमेरिकेत तर काडतुसांच्या खोक्यांवर, दमास्कस नळीत वापरू नये, असे छापत. नाव वाईट झाले ते दारू बदलली म्हणून. जुनी काळी दारू भुसभुशीत धक्का देणारी, धूर फार करणारी. १८६०च्या दशकात प्रशियाच्या शुल्ट्झ नावाच्या अधिकाऱ्याने बंदुकीसाठी नव्या जातीची, जवळजवळ बिनधुराची दारू काढली. मागून तिच्या अनेक बहिणी आल्या. त्यांचे वागणे निराळे, आणि त्या जपून भरल्या नाहीत तर दाब भलताच चढे. म्हणून १८९६ पासून इंग्लंडमध्ये या नव्या दारूसाठी वेगळा कस आणि वेगळा छाप सुरू झाला. काळ्या दारूच्या कसाला उतरलेली नळी नव्या दारूला उतरेलच असे नाही. छाप ज्याचा त्याला.

पण नुसते नक्षी पाहून घाबरणेही बरोबर नव्हे. बर्मिंगहॅमच्या कसोटीघराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरनिराळ्या जातींच्या नळ्या मुद्दाम दारू वाढवत वाढवत फुटेपर्यंत तपासल्या. त्या वेळी सलग पोलादाच्या नळ्या बाजारात आल्या होत्या आणि जुन्या पद्धतीचे दिवस भरले असे लोक म्हणू लागले होते. पहिला नंबर कोणाचा आला? थर सांधून, तीन कांबी पिळून, यंत्रावर घडवलेल्या इंग्रजी नळीचा! वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाने पहिला यावे, तसेच झाले.

‘मग काका,’ मी विचारले, ‘जात वाईट नाही, गंज वाईट नाही, वाईट काय?’

‘पातळपणा वाईट, मास्तर,’ ते म्हणाले. ‘आणि तो डोळ्यांना दिसत नाही, हे त्याहून वाईट.’

त्यांनी मला नळीच्या भिंतीचा हिशेब समजावून दिला. बार होतो तेव्हा सर्वांत मोठा दाब काडतुसाजवळ, पहिल्या एक-दोन इंचांतच येतो. म्हणून तिथे भिंत भक्कम ठेवतात, साधारण अडीच मिलिमीटरची. छर्रा पुढे सरकतो तसा दाब झपाट्याने उतरतो, आणि कारागीर भिंतही पातळ करत नेतो. त्याला तसे करावेच लागते. पाखरांच्या शिकारीची इंग्रजी दुनळी बंदूक सगळी मिळून साडेसहा पौंडांच्या आसपास, म्हणजे तीन किलोंच्या आतबाहेर असते. ती दिवसभर हातात वागवायची आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खांद्याला लावायची. तोंडाकडे वजन राहिले तर ती जड कुदळीसारखी वाटेल. म्हणून तीस इंचांच्या नळीचा पुढचा भाग इतका पातळ असतो की सांगून पटणार नाही. चांगल्या नव्या बंदुकीतही सर्वांत पातळ जागी तो इंचाचे पंचवीस-तीस हजारांश भरे. इंग्लंडच्या कारागिरांत रूढ झालेला संकेत असा की बारा बोअरच्या नळीत तो वीस हजारांशांच्या खाली जाऊ नये. वीस हजारांश म्हणजे अर्धा मिलिमीटर. मी घरी येऊन मोजले. छपाईचे पाच कागद एकावर एक ठेवले की तेवढी जाडी होते. पाच कागदांच्या जाडीचे पोलाद, आणि त्याच्याखाली आपल्या डाव्या हाताची बोटे!

शिवाय हिशेब निर्दय आहे. नळीचा घेर आणि आतला दाब तोच ठेवला आणि भिंत निम्मी केली, तर भिंतीतल्या लोखंडावरचा ताण दुप्पट होतो. जाड भिंतीतून दहा हजारांश गेले तर तिला कळणारही नाही. वीस हजारांशांतून दहा गेले म्हणजे अर्धे सर्वस्व गेले.

आता ही जाडी जाते कुठे? इथे काकांच्या पत्रातले ते वाक्य मला समजले. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते. कोकणच्या पावसात तर विचारूच नका. बार काढून नळी धुतली नाही की आत गंज येतो, बारीक खड्डे पडतात. गंज खातो तो ठिकठिकाणी. पण मालकाला ते काळे डाग पाहवत नाहीत. तो बंदूक दुरुस्तीला देतो आणि म्हणतो, आतून आरसा करून दे. डाग जायचा असेल तर सर्वांत खोल खड्ड्याच्या तळापर्यंत सगळी नळी चहूबाजूंनी घासून काढावी लागते. म्हणजे गंजाने चार ठिकाणी खाल्लेले लोखंड, आपण हौसेने सगळीकडून खातो. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा डाग, पुन्हा घासणे. बाहेरून पोचा पडला तर तो उचलून वरून कानस मारतात. जुनी नक्षी उजळायची तर वरून पुन्हा घासतात. भिंतीला दोन्ही बाजूंनी कात्री लागते.

हे ऐकताना मला आमच्या घरची समई आठवली. आजी, मग आई, दर दिवाळीला ती चिंच लावून घासत आल्या. आज ती सोन्यासारखी चमकते. पण तिच्या दांडीवरची वेलबुट्टी आता बोटालाही लागत नाही. समईचे बिघडत नाही. नळीचे बिघडते.

‘पण मग कसोटीचा छाप असतो ना?’ दादाने विचारले. त्याच्या बंदुकीवर छाप आहेत हे त्याला माहीत होते.

काकांनी वही उघडली. छाप खरा असतो, पण तो ज्या दिवशी मारला त्या दिवसाच्या नळीचा असतो. मागाहून तिच्यातून किती लोखंड गेले हे छापाला ठाऊक नसते. कसोटीघरालाही ही अडचण माहीत होती, म्हणून छापाबरोबर नळीच्या पोटाचे मापही कोरत. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. तिचे पोट ०.७२९ इंच. तेरा बोअर ०.७१०, अकरा बोअर ०.७५१. तपासनीस ठरावीक मापांच्या गजांनी पोट पाही. बाराचा गज गेला आणि अकराचा नाही गेला, की कोरले बारा. पुढे कधी त्या नळीत अकराचा गज जाऊ लागला, तर ती कसातून उतरली. नव्याने कस लावल्याशिवाय विकायची नाही.

पण नीट पाहा, या दोन गजांमध्ये फट केवढी आहे. बावीस हजारांश! म्हणजे नळीच्या भिंतीतून प्रत्येक बाजूने दहा हजारांश घासले तरी ती कागदोपत्री बाराची बाराच राहू शकते. इंग्रजांच्याही हे लक्षात आले. १८८७ च्या नियमांनी बारा आणि अकरा यांच्यामध्ये आणखी एक माप घातले, ०.७४० चे. १९५४ च्या नियमांनी गजांची भानगडच मिटवली; मागच्या तोंडापासून नऊ इंचांवरचे पोट थेट हजारांशांत कोरू लागले, आणि त्यापेक्षा दहा हजारांश अधिक भरले की नळी बाद. शंभरएक वर्षांत पट्टी बारीक होत गेली ती अशी. भिंत किती जाड असावी हे मात्र तिथल्या कायद्याने कधीच ठरवून दिले नाही. कारण एकाच जाडीचे चांगले लोखंड टिकते आणि वाईट फुटते. कायद्याचा भरवसा अग्नीवर, पट्टीवर नाही.

इतके सांगून काकांनी दादाची बंदूक हातात घेतली. नळ्या दस्त्यापासून सोडवल्या आणि दोरीला टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा नाद निघाला. ‘दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली नाही,’ ते म्हणाले, ‘पण नादाने जाडी कळत नाही.’ मग नळी खिडकीकडे धरून आत पाहायला सांगितले. खिडकीच्या चौकटीची सावली नळीच्या आत वर्तुळात पडते. जिथे ते वर्तुळ मोडते तिथे पोचा किंवा फुगवटा. डावी नळी खरोखरच आरसा होती. सावलीची वर्तुळे एकात एक, सुरेख. उजवीत मात्र काळे ठिपके विखुरलेले, जुन्या माठाच्या तळासारखे. दादाने माझ्याकडे पाहिले. त्याची मान अजून ताठ होती.

छापांवर भिंग धरले. मुकुटाखाली आडवेतिडवे राजदंड, म्हणजे बर्मिंगहॅम. उजव्या नळीवर बारा. डाव्या नळीवर मागे बारा, तोंडाशी चौदा. म्हणजे तोंडाकडे जरा आवळलेली. आणि शेजारी अक्षरे, ‘गोळीसाठी नाही’. आवळलेल्या नळीत गोळी अडकू नये म्हणून ही अक्षरे कोरण्याची पद्धत १८७५ ते १८८७ या बारा वर्षांतच होती. बंदुकीचे जन्मसाल या तीन शब्दांनी सांगून टाकले. आणि नव्या दारूचा छाप १८९६ नंतरचा. तो या बंदुकीवर कुठेच नव्हता.

यानंतर काकांनी आपले यंत्र काढले. यंत्र कसले? शिकंज्यात उभा धरलेला एक लांब लोखंडी गज, टोकाला बारीक गोल घुंडी. आणि तिच्यासमोर, नळीच्या भिंतीपुरती जागा सोडून, तबकडीवर काटा फिरणारे माप. नळी गजावर वरून घालायची. आतून घुंडी टेकते, बाहेरून मापाचे टोक टेकते, आणि मधली भिंत काटा सांगतो. नळी फिरवत, वरखाली करत, ते दर दोन इंचांवर आकडे सांगत गेले आणि मी शाळेतल्या हजेरीसारखे ते उतरवून घेत गेलो.

उजवी, काळी नळी सर्वांत पातळ जागी चोवीस हजारांश भरली. डावीचे पोट ०.७४७ भरले. बाराच्या छापात ते अजून बसत होते, चार हजारांशांनी! भिंत एका बाजूला सत्तावीस भरली. नळी फिरवली, काटा खाली खाली येत गेला, आणि समोरच्या बाजूला चौदावर थांबला. घासणाऱ्याचा हात एका बाजूला झुकला होता. तीच बाजू खालची. जिथे डाव्या हाताची पकड संपते तिथून चार बोटे पुढे.

दादा काही बोलला नाही. त्याने काट्याजवळ डोळा नेला आणि स्वतः आकडा वाचला. मग हळूच म्हणाला, ‘आजोबांनी मुंबईला नेऊन साफ करून आणली होती. दोनदा. सगळ्या गावाला दाखवली होती.’

‘हौसेचं काम होतं,’ काका म्हणाले. ‘त्यांना कोणी मोजून दाखवलं नाही.’

‘आणि उजवी? ती तर चांगली आहे ना?’

‘भिंत चांगली आहे. पण आत खड्डे आहेत, ते जाडीतून वजा करा. आणि तिचा कस काळ्या दारूचा. तुम्ही दुकानातून आणणार ती काडतुसं नव्या दारूची, आणि लांबही जास्त. अडीच इंचांच्या घरात पावणेतीन इंचांचा पाहुणा. बंद असताना तो आत बसतो, उघडला की हातपाय पसरतो.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘शिवाय जाड नळीसुद्धा फुटते, हे विसरू नका. तोंडात चिखल गेला, गांधिलमाशीने घर केलं, तरी पुरे. बारा बोअरच्या नळीत चुकून वीस बोअरचं काडतूस सरकलं तर ते पुढे जाऊन अडकतं. माणसाला वाटतं नळी रिकामी आहे, तो वर बाराचं घालतो. म्हणून तर आता वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात. जाडी म्हणजे अभय नव्हे. जाडी म्हणजे चूक झाली तर हाताशी असलेली शिल्लक. तुमच्या डाव्या नळीत शिल्लक नाही.’

परतताना एस.टी.त दादा बराच वेळ गप्प होता. बंदूक गवसणीत, मांडीवर आडवी. शेवटी म्हणाला, ‘तू तार केल्यासारखा फोन केलास म्हणून, नाहीतर मी दिवाळीपूर्वीच काडतुसं आणणार होतो. धाकटा मागे लागला होता, पहिला बार मी काढणार म्हणून.’ धाकटा म्हणजे त्याचा मुलगा. एकोणीस वर्षांचा आहे. डावखुरा नाही, म्हणजे डावा हात पुढे, नळीखालीच राहिला असता.

बंदूक आता पुन्हा भिंतीवर आहे. दादाने उजवी नळी साफ करायला दिलेली नाही. काळे ठिपके आहेत तसे ठेवून वर तेलाचा हात दिला आहे. डुकरांसाठी त्याने पत्र्याचे डबे आणि रात्रीची पाळी यांवर भागवले आहे. त्याची तक्रार नाही असे नाही. पण या खंडेनवमीला मी गेलो तेव्हा माळ घालताना त्याने धाकट्याला डावी नळी उजेडात धरून दाखवली आणि आतल्या आरशाचा अर्थ समजावून सांगितला. आकडे त्याला पाठ होते. सत्तावीस आणि चौदा.

आणि माझा खोत? कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा मी ते लाडके वाक्य काढून टाकले. आता खोत बंदूक भिंतीवरून काढतो, नळीतून अंगणाकडे पाहतो, आत सकाळचे ऊन लखलखते, आणि तो समाधानाने काडतूस भरतो. एवढेच. एक प्रत काकांना पाठवली. आठ दिवसांत उत्तर आले, ‘स. न. वि. वि. प्रत पोहोचली. आता बंदूक बरोबर आहे. खोताचा हात मात्र वाचवता आला असता, तर बरे झाले असते.’